ओतीव सुरी, लाटीव सुरी

परंड्यात कुर्डुवाडीच्या रस्त्याला तारामतीची मटणाची खानावळ आहे. मागच्या पावसाळ्यात तिथं एक आवाज चार महिने चालू होता. तो कानावर पडला की गिऱ्हाईक घास तोंडात न घालताच दात आवळायचं. तारामतीचा थोरला भाऊ महारुद्र मागच्या पत्र्याखाली बसून एक पट्टी घासत होता. पट्टी वीतभराहून थोडी लांब, दोन बोटं रुंद आणि नव्या ताटासारखी चकचकीत. चार महिन्यांत दगडाची तीन चाकं झिजली, एक मोटर जळाली, पण पट्टीची सुरी व्हायला दसरा उजाडला.

महारुद्र पुण्याजवळच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं नोकरीला होता, त्यातली बरीचशी भट्टीवर. वाफेच्या मोठ्या व्हॉल्व्हांमध्ये ज्या कड्या बसतात त्या तो ओतायचा. त्या पोलादाच्या नसतात, कोबाल्टच्या असतात. सोबत क्रोमियम आणि आणखी दोन-तीन मसाले. हा धातू लाल झाला तरी चटकन मऊ पडत नाही, गंजत नाही आणि धार टिकावी म्हणून त्याला तापवून पाणीही द्यावं लागत नाही. जन्मतःच तो ताठ असतो. महारुद्रचाही स्वभाव तसाच आहे, फक्त त्याच्या बाबतीत क्रोमियमला दोष देता येत नाही.

ही पट्टी मात्र साधी नव्हती. कड्या ओतताना त्याच धातूची एक नमुन्याची पट्टीही ओततात. अकरा वर्षांपूर्वी महारुद्रनं ओतलेल्या चाळीस कड्या तपासणीत नापास झाल्या. आत भोकं आहेत, असा शेरा पडला. महारुद्रला भट्टीवरून काढून गोदामात बसवलं आणि निवृत्तीपर्यंत त्यानं नट-बोल्टांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. नापासाचा शेरा मारणारा तपासनीस होता ईट गावचा श्रीमंत, म्हणजे महारुद्रचा नऊ वर्षांचा खोलीतला जोडीदार. एका स्टोव्हवर दोघांनी जेवण रांधलं होतं, एकाच चादरीवरून भांडणं केली होती. त्या शेऱ्यानंतर महारुद्रनं खोली बदलली आणि श्रीमंतशी बोलणं टाकलं. त्या ओतीची नमुन्याची पट्टी त्यानं जपून ठेवली, आणि निवृत्त होताना डब्यात भाकरीच्या खाली घालून घरी आणली. आपल्या ओतीत भोक नव्हतं हे त्याला सिद्ध करायचं होतं. कुणापुढं, ते ठरलेलं नव्हतं. सध्या बहीण समोर होती, म्हणून बहिणीपुढं.

तारामतीला सुरी आवडली. एका बोकडाचं मटण झाल्यावरही धार तशीच. तिची लोखंडी सुरी तोवर तीनदा दगडावर जायची. तिनं भावाचं कौतुक केलं, पण जरा कमीच केलं, कारण चार महिन्यांचा आवाज तिच्या डोक्यातून अजून गेला नव्हता.

इथं उमाशंकर सर मधे पडले. सर मूळचे तुळजापूरचे. परंड्याच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले आणि पक्के शाकाहारी. रोज सकाळी ते खानावळीच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत, पाठ आतल्या बाजूला करून. त्यामुळं आत काय शिजतं याची जबाबदारी त्यांच्यावर येत नसे. महारुद्रची सुरी त्यांनी चष्म्यासमोर धरून पाहिली आणि म्हणाले की सुरी उत्तम आहे, पण कशाच्या मानानं उत्तम? लोखंडाशी तुलना हा अन्याय आहे. हाच धातू ओतून न करता लाटून केला तर कसा होतो, ते कळलं पाहिजे.

तारामतीनं विचारलं की ओतीव आणि लाटीव यात असा काय फरक. सरांना अनेक वर्षांनी विद्यार्थी मिळाला होता. त्यांनी सांगितलं की ओतलेला धातू थंड होताना त्यात कठीण कण मोठे-मोठे वाढतात. लाटताना तोच धातू तापवून रुळांखालून पुन्हा पुन्हा दाबतात, त्यामुळं कण बारीक होतात, सगळीकडं सारखे पसरतात आणि आतली पोकळी मिटते.

"म्हंजे एक धिरडं आन् एक पोळी," तारामती म्हणाली.

सरांनी हे वहीत लिहून घेतलं. एकतीस वर्षांत त्यांना इतकं सोपं सुचलं नव्हतं, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

महारुद्रनं लाटीव पट्टी कुठं मिळत नाही म्हणून विषय संपवला. सरांनी तो संपू दिला नाही. त्यांनी चार ठिकाणी फोन केले आणि आठवड्याभरात शोध लावला की त्याच कारखान्यातून निवृत्त झालेला एक माणूस भूम तालुक्यात ईटला राहतो, आणि त्याच्याकडं लाटीव पट्टीची सुरी तयारच आहे. ही बातमी त्यांनी मोठ्या आनंदानं महारुद्रला सांगितली. महारुद्रचा चेहरा उतरला. तो काही न बोलता उठून गेला. सरांनी त्याचा अर्थ संमती असा लावला.

कसोटीची जागा धनाजीनं दिली. धनाजीची मेंढरं-शेरडं सोनारीच्या शिवारात असतात. त्याच्या नातवाचं जावळ होतं, त्याची कंदुरी म्हणजे तीनशे माणसांचं जेवण, आठ बोकड, आणि स्वयंपाकाचं काम तारामतीकडं. चार बोकड एका सुरीनं, चार दुसरीनं, मधे धार लावायची नाही, असं सरांनी ठरवलं. धनाजीला यातलं काही कळलं नाही, पण गुरुजी बाजूला वही घेऊन उभे राहणार म्हणजे कार्याला शोभा येणार, एवढं त्याला पटलं.

श्रीमंत सकाळच्या एसटीनं आला. पांढरा सदरा, खिशात तपासणीचं भिंग. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तो भिंगाशिवाय बाहेर पडत नसे. दोघं अकरा वर्षांनी बोलायला समोरासमोर आले.

"आपण बरे आहात ना?" महारुद्रनं विचारलं.

"कृपा आहे आपली," श्रीमंत म्हणाला.

तारामतीला हसू आवरेना. तिच्या भावाला तिनं जन्मात कुणाला 'आपण' म्हणताना ऐकलं नव्हतं. तिला तेवढ्यावरून कळलं की या दोघांत काहीतरी फार बिघडलेलं आहे.

कापणाऱ्याला कुठली सुरी कुठली ते कळू नये म्हणून सरांनी दोन्ही मुठींना फडकी गुंडाळली, एकीला लाल दोरा बांधला, दुसरीला पांढरा. या गुप्ततेचा उपयोग शून्य झाला, कारण महारुद्र लाल दोऱ्याच्या सुरीकडं सासरी निघालेल्या लेकीकडं बघावं तसा बघत होता. लिंबाखाली चिंचेचे दोन ओंडके मांडले. एकावर तारामती बसली, दुसऱ्यावर तिचा नवरा बालाजी. प्रत्येक बोकडानंतर दोघं सुऱ्या बदलत. सर पाठ करून उभे राहत, आणि एक बोकड संपला की मागं न बघता हात पुढं करत. धार किती राहिली हे ते स्वतःच्या हातावरचे केस भादरून ठरवत होते. दहा वाजेपर्यंत त्यांच्या डाव्या हातावर कांद्याचे वाफे पाडल्यासारखे चौकोन झाले. पलीकडं न्हावी पोराचं जावळ काढत होता. धनाजीच्या आईनं सरांच्या हाताकडं बघून विचारलं की गुरुजींचाही काही नवस होता का.

पहिल्या दोन बोकडांत फरक दिसला नाही. तिसऱ्याला लाटीव सुरी मणक्यावर आपटली आणि किंचित वाकली. बालाजीनं ती ओंडक्यावर पायाखाली दाबून सरळ केली आणि पुढं कापू लागला. चौथा बोकड निम्मा होईतो तिला जोर लावावा लागत होता. ओतीव मात्र अजून लोण्यात गेल्यासारखी जात होती. तिनं तर सरांच्या हातावरचे शेवटचे केसही काढले आणि थोडी कातडीही.

सरांनी वहीत आकडे मांडले आणि जाहीर केलं की धारेच्या टिकाऊपणात ओतीव सरस. महारुद्रला हे ऐकायला अकरा वर्षं लागली होती. त्यानं श्रीमंतकडं पाहिलं. श्रीमंत मान हलवून म्हणाला की ओतीवचे कण मोठे, ती मटण जास्त चावते, हे तर होणारच. हा कबुलीजबाब महारुद्रला पुरला असता तर बरं झालं असतं. पण त्याला आणखी हवं होतं. शेवटच्या बोकडाची मांडी राहिली होती. त्यानं बालाजीच्या हातून सुरी घेतली, स्वतः ओंडक्यावर बसला, आणि सगळे बघताहेत याची खात्री करून सुरीचं टोक गुडघ्याच्या सांध्यात घालून पिरगाळलं.

टक्कन आवाज आला. हाड उकललं. चार बायका वा वा म्हणाल्या. महारुद्रनं तुकडे करून परातीत टाकले आणि फडक्यानं सुरी पुसली. तेव्हा त्याला दिसलं की टोकाजवळ धारेची नखाएवढी कपची गेलीय.

तो उठला. परात बालाजीनं उचलली. महारुद्रला 'थांब' म्हणायचं होतं. पण शब्द यायच्या आत त्याच्या मनात दुसराच विचार आला: श्रीमंतनं पाहिलं का? श्रीमंत चहा पीत होता. महारुद्रनं सुरी फडक्यात गुंडाळली. तेवढ्या वेळात बालाजीनं परात मोठ्या हंड्यात रिकामी केली आणि ढवळलीसुद्धा.

हंड्याला उकळी फुटली. पंगतीसाठी पोरी पत्रावळ्या टाकू लागल्या. म्हातारी माणसं पहिल्या पंगतीला बसायला सरकली. त्यांत धनाजीचे वडील होते, तोंडात तीन दात शिल्लक असलेले, आणि त्यांच्या मांडीवर नुकतं भादरलेलं पोर. महारुद्र त्या पोराकडं बघत राहिला. मग तो सरळ चुलवणापाशी गेला.

"तारा, मटण वाढू नको. माझ्या सुरीची कपची तुटलीय. हंड्यात हाय."

तारामतीनं भावाकडं एकदाच पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं चुलीतली लाकडं ओढली आणि धनाजीला निरोप दिला की रश्शाला अजून एक उकळी पाहिजे. धनाजीनं पंगतीला सांगितलं. पंगतीनं मान्य केलं, कारण मटणाला उशीर झाला तर ते चांगलंच होणार, असा आपल्याकडं समज आहे.

सर मात्र उजळले. त्यांच्या पिशवीत शाळेच्या प्रयोगशाळेतला नालाचा चुंबक होता, जो निवृत्त होताना परत करायचा राहून गेला होता. त्यांनी तो सुतळीला बांधून हंड्यात सोडला आणि विहिरीत पडलेली बादली शोधावी तसा फिरवला. वर आला तेव्हा त्याला एक टाचणी आणि एक सेफ्टी पिन चिकटलेली होती. पिन कुणाची यावर तारामतीनं कुणालाही बोलू दिलं नाही. कपची काही आली नाही.

"ती यायची न्हाय," श्रीमंत मागून हळूच म्हणाला. "ह्या धातूला चुंबक लागत न्हाय."

सर म्हणाले, लोखंड, निकेल आणि कोबाल्ट या तिन्हींना चुंबक लागतो. हे त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं होतं, आणि जे लिहीत नाहीत त्यांचे गुण कापले होते. श्रीमंत म्हणाला, नुसत्या कोबाल्टला लागतो. यात क्रोमियम भरपूर पडलं की न लागल्यातच जमा असतो. त्यानं आपली सुरी पुढं केली. सरांनी चुंबक टेकवला. चुंबक गळून खाली मातीत पडला. सरांनी तो उचलून पुन्हा टेकवला, तो पुन्हा पडला. सरकारनं निवृत्तिवेतन परत मागावं असा त्यांचा चेहरा झाला होता.

आता एकच उपाय होता. मटण बाहेर काढून हातानं चाचपायचं. आणि चाचपायला माणसं कमी, कारण बाहेर कळता कामा नये. सर तिथंच उभे होते. तारामतीनं त्यांना बसा म्हटलं नाही. ती फक्त म्हणाली, "पंगतीत म्हातारा बसलाय आन् लेकरू बसलंय." सरांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या, जानवं कानाला अडकवलं, ते कशासाठी हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं, आणि परातीसमोर मांडी घातली.

बालाजी झाऱ्यानं मटण काढून देत होता. तारामती रस्सा फडक्यातून गाळत होती. महारुद्र, श्रीमंत आणि सर एका परातीभोवती बसून वाफाळत्या फोडी बोटांनी चिवडत होते. श्रीमंतनं विचार करून सांगितलं की कपची सांध्यात पिरगाळताना तुटली, तर ती बहुतेक हाडातच रुतून बसली असेल, म्हणून मांडीच्या हाडांची टोकं आधी बघा. सरांना हाडांची टोकं ओळखता येत होती. सांगाड्याचा तक्ता त्यांच्या वर्गात होता. त्यांनी तिसरं हाड उचललं, अंगठा फिरवला आणि हात झटकला. बोटातून रक्त आलं.

"हे बघा," ते म्हणाले, आणि एवढ्या अभिमानानं म्हणाले की आयुष्यात पहिल्यांदाच आपण मटणाला हात लावलाय हे ते विसरले होते.

कपची सुरीच्या खाचेत बसवून पाहिली. काठाला काठ जुळला, कणभरही बाकी नव्हतं. तारामतीनं हंड्याखाली जाळ लावला.

श्रीमंतनं कपची धुतली, सदऱ्याला पुसली आणि सवयीनं भिंग काढलं. तुटलेली बाजू उन्हात धरून त्यानं बराच वेळ पाहिली. मग भिंग खिशात ठेवलं आणि कपची बालाजीकडं देऊन म्हणाला, "आधी माणसं जेवू द्या."

महारुद्रला ते भिंगाचं परत खिशात जाणं दिसलं. त्यानं हात पुढं केला. श्रीमंत नको म्हणाला. महारुद्रनं हात तसाच ठेवला. शेवटी श्रीमंतनं भिंग दिलं, आणि महारुद्रनं बालाजीकडून कपची घेतली.

तुटलेल्या बाजूच्या मधोमध एक भोक होतं. खसखशीच्या दाण्याएवढं, गोल, आतून चकाकणारं. ओततानाच अडकलेल्या हवेचं. महारुद्रनं अशी भोकं हजारदा पाहिली होती, दुसऱ्यांच्या ओतीत. त्यानं भिंग डोळ्यापासून काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं. भोक तिथंच होतं. तिथं उभ्या असलेल्यांपैकी ते कशाचं आहे हे दोघांनाच कळत होतं, आणि दुसरा गप्प राहायला तयार होता.

"श्रीमंत," महारुद्र म्हणाला, "तू खरं बोलत हुतास. भोक हाय."

बालाजीला वाटलं हंड्याला भोक पडलंय. तो वाकून बघून आला.

श्रीमंत खाली मान घालून मातीत काडीनं रेघा ओढत होता. मग म्हणाला, "चाळीस कड्या हुत्या. म्या तीनच तपासल्या. एकीत भोक घावलं. बाकीच्या एकेक तपासायला चार दिस लागले असते आन् मला गावाकडं यायचं हुतं. म्या सगळ्याच नापास केल्या. बाकीच्या चांगल्या असतील. मला म्हाईत न्हाय."

 गोदामातली वर्षं, त्या चिठ्ठ्या, डिंकानं सुजलेली बोटं, हे सगळं महारुद्रच्या तोंडावर येऊन गेलं. तारामतीला वाटलं आता हा त्याला मारतो. पण पंगतीतून वाढपी ओरडत आला, आणि महारुद्र उठून रश्शाची बादली घेऊन वाढायला गेला. तीनशे माणसांना त्यानं एकट्यानं रस्सा वाढला. श्रीमंतच्या पत्रावळीपाशी आला तेव्हा त्यानं बादली खाली ठेवली आणि त्याला एक शिवी दिली. ती इथं लिहिता येत नाही. त्यात श्रीमंतच्या गावाचा, त्याच्या गाडीच्या वेळेचा आणि चाळीस कड्यांपैकी एकेक कडी कुठं घालावी याचा सविस्तर उल्लेख होता. पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी घास थांबवून ती पूर्ण ऐकली.

श्रीमंत शांतपणे म्हणाला, "झालं? आता नळी वाढ."

महारुद्रनं त्याला दोन नळ्या वाढल्या.

सरांनी वहीत निष्कर्ष लिहिला तो असा: ओतीव पातं धार जास्त वेळ धरतं, पण पिरगाळलं तर तुटतं आणि आत काय दडलंय ते तुटल्यावरच कळतं. लाटीव पातं लवकर बोथट होतं, वाकतं, पण सरळ करता येतं. दोन्हींना चुंबक लागत नाही, हे त्यांनी खाली वेगळं लिहून दोनदा अधोरेखित केलं. घरी गेल्यावर त्यांच्या पत्नीनं, वनमालाकाकूंनी, त्यांना न्हाणीघराबाहेरच उभं केलं आणि दोन बादल्या पाण्यानं धुतल्याशिवाय आत घेतलं नाही. हाताला मसाल्याचा वास चार दिवस राहिला. सरांनी त्याबद्दल तक्रार केल्याचं कुणी ऐकलं नाही.

जानेवारीत श्रीमंत पुन्हा परंड्याला आला. दोघांनी मिळून तुटलेली सुरी घासून तिची खाच काढली. ती बोटभर आखूड झाली. तारामती तिनं काळीज आणि बिनहाडाचं मटण कापते. सांध्यांना श्रीमंतनं दिलेली लाटीव वापरते, आणि हाडं तोडायला तिचा जुना लोखंडी सत्तूर आहेच, ज्याच्याविषयी कुणालाही काही सिद्ध करायचं नाही. दोघा म्हाताऱ्यांनी आता तिसरी सुरी मनावर घेतलीय, मूठ कुठल्या लाकडाची यावर श्रीमंत आला की भांडण होतं. तारामतीनं त्यांना घासायला शेजारच्या पडक्या गोठ्यात जागा दिलीय, आणि दुपारी बारा ते तीन मोटर चालू केली तर जेवण मिळणार नाही असं सांगून ठेवलंय.